गडावर टाकी, वाडीला टँकर

आज आपण राजगडावर जातोय, पण लढाया बाजूला ठेवून. आज फक्त पाणी.

राजगड आणि तोरणा, दोन्ही वेल्ह्यातले. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत अजून 'वेल्हे'च मागावं लागतं.) राजगड पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी होता. सदर, पागा, शिबंदी... एवढी माणसं मे महिन्यात प्यायची काय? पद्मावती माचीवरचं तळं बघा, बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं बघा, शिवाय जागोजागी कातळात खोदलेली टाकी. चार महिने धो-धो पडणारं पाणी धरून ठेवायचं आणि आठ महिने पुरवायचं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं 'आज्ञापत्र' तर स्पष्टच सांगतं: किल्ला बांधण्याआधी पाणी बघा. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, आणि युद्धात पाणीही जास्त लागतं. म्हणून टाकी बांधा, आणि राखीव पाणी जपा. तोफांचं कारण आज कुणाला पटो न पटो, एकाच स्रोतावर भिस्त ठेवू नका हा मुद्दा मला फार आवडतो.

आता गडावरून खाली बघा. भोरजवळचं भाटघर धरण १९२८ चं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. वेल्ह्यातलं पानशेत पुण्याला पाणी देतं. हेच पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं. काम पूर्ण झालेलं नव्हतं, तरी पाणी अडवलं होतं. पुण्यातले पेठांमधले आजी-आजोबा अजून ती तारीख सांगतात. जिथून पाणी गेलं त्या मावळातल्या गावांचं नाव मात्र त्या गोष्टीत क्वचितच येतं.

आणि याच भागातल्या डोंगरावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो! कारण साधं आहे. उतार तीव्र, खाली काळा कातळ, पाऊस पडला की ओढ्याने वाहून जातो. धरण खाली, वाडी वर. पाणी वर चढवायचं तर पंप, पाइप आणि वीजबिल आलं.

मी धरणांच्या विरोधात नाहीये हं. पुण्यात राहून तसं बोलणं सोपं नाही! पण पाऊस आता कमी दिवसांत, एकदम कोसळतोय. अशा वेळी गडावरची पद्धत वाडीला जास्त उपयोगी आहे: माणसं जिथे राहतात तिथेच, उंचावर, छोटे-छोटे साठे. एखादं टाकं गाळाने भरलं तरी दुसरं असतं. गाळ काढायला ठेकेदार नको, उन्हाळ्यातले चार-पाच दिवस आणि गावची माणसं लागतात.

एक होमवर्क देतो. पुढच्या ट्रेकला टाक्यात बाटली बुडवू नका, चपला घालून पायऱ्या उतरू नका. आणि पायथ्याला पिठलं-भाकरी खाताना मावशींना विचारा, ''मे महिन्यात पाणी कुठून आणता?'' त्यांची हरकत नसेल तर उत्तर रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात तेच ऐकवणार आहे.