रोलर कॅमशाफ्ट आणि गिअरची झीज : स्वागताध्यक्षीय भाषण

कॅमशाफ्टवर कोरलेला तिरप्या दात्यांचा गिअर डिस्ट्रिब्युटर फिरवतो; अनेक अमेरिकन व्ही-8 इंजिनांत तोच शाफ्ट खाली ऑइल पंपही चालवतो. दात्यांवरचा खरा भार पंपाचा. सपाट टॅपेटच्या इंजिनात कॅमशाफ्ट बिडाचा आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअरही बिडाचा, त्यामुळे दोघांचे जमते. रोलर कॅमशाफ्ट बहुधा कठीण पोलादाचा असतो आणि बिडाचे दाते खाऊन टाकतो. टायमिंग हलू लागते, लोखंडाचा भुगा तेलात उतरतो. या झिजेवर बोलायला जमलेल्या मेकॅनिक मंडळींचे पांढुर्णा-सौसर भागात स्वागत आहे.

वर्तमानपत्रांना पांढुर्ण्याची आठवण होते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवरच्या गोटमारीपुरती. हा गावावर अन्याय आहे. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला, तरी इथल्या घरांतून मराठी हलली नाही. 2023 साली पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. संत्री तर सर्वांना ठाऊक आहेत. पण या मुलखाचे खरे वैभव म्हणजे सौसरची छोटी गाडी. नागपूर-छिंदवाडा मार्गावर 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून, लोधीखेडा, सौसर, रामाकोना अशी स्टेशने घेत ती सातपुडा चढे. बाजारहाट, वऱ्हाडी मंडळी, नागपूरचा दवाखाना, सगळे तिच्या वेळेवर. 2015 साली ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. तिच्या वाफेच्या इंजिनांना कॅमशाफ्ट नव्हता, तेव्हा संमेलनाच्या विषयाशी तिचे नाते ओढूनताणूनच लागते. तरी तिचे नाव न घेता सौसरात कुणाचे स्वागत पुरे होत नाही.

झीज टाळण्याची सुरुवात कॅमशाफ्ट विकत घेतानाच होते. त्यावरचा गिअर कशाचा, हे बनवणाऱ्याकडून कळले पाहिजे. काही पोलादी कॅमशाफ्टवर बिडाचा गिअर वेगळा दाबून बसवतात. तिथे जुनाच बिडाचा गिअर चालतो. इतरत्र नायट्रायडिंग केलेला पोलादी, पॉलिमरचा किंवा ब्रॉन्झचा गिअर लागतो. ब्रॉन्झ कुणाशीही जुळवून घेते, पण स्वतः झिजते. ते अधूनमधून काढून पाहावे आणि वेळेवर बदलावे.

धातू बरोबर असूनही गिअर गेला, तर दोष बहुधा बसवण्यात. सपाट टॅपेटच्या कॅमला किंचित उतार असतो, तो शाफ्टला मागे ब्लॉककडे दाबून धरतो. रोलर कॅमला असा उतार नसतो; थ्रस्ट प्लेट किंवा पुढचे बटण नसेल तर शाफ्ट पुढेमागे सरकतो, दाते घासतात. डिस्ट्रिब्युटर किती खोल बसतो तेही पाहावे लागते. दात्यांना मार्किंगचा निळा रंग लावून इंजिन हाताने फिरवले की खूण दात्याच्या मधोमध उमटली पाहिजे, काठावर नव्हे. गरजेपेक्षा मोठा पंप आणि जाड तेल यांनी भार उगाच वाढतो. पहिल्या स्टार्टआधी दात्यांना असेंब्ली ल्यूब लावावे आणि डिस्ट्रिब्युटर बसवण्यापूर्वी ड्रिलने पंप फिरवून तेल वर चढवावे. हे काम घाईत हमखास राहते.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. सर्व पाहुण्यांची उतरण्याची सोय एका ठिकाणी झाली नाही, मंडपात पंखे कमी पडले आहेत आणि जनरेटर फक्त माइकपुरता आहे. समिती दिलगीर आहे. संत्रा बागायतदार, ट्रान्सपोर्टवाले, स्पेअर पार्टचे दुकानदार, बिनभाड्याने भांडी देणारे मंडपवाले आणि पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या महिला यांच्यामुळे हे संमेलन उभे राहिले, त्यांचे आभार. प्रात्यक्षिकासाठी उघडलेले इंजिन मंडपामागे ठेवले आहे, ते जेवणाआधी पाहता येईल.