जुना लॅपटॉप: ठेवावा की बदलावा?



आपले बजाजनगर कारखान्यांचे गाव. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मागून इतर कारखाने आले आणि ही वसाहत वाढली. इथल्या माणसाला यंत्राची पारख आहे. स्कूटर सुरू झाली नाही, तर ती कोणी लगेच विकायला काढत नाही. आधी प्लग काढून बघतात. लॅपटॉपचेही तसेच करायचे.

लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झाला की रखडतो. पोरगी डिप्लोमाला असते. ती म्हणते, "अण्णा, नवा घ्या." दुकानदार म्हणतो, "यात आता राम नाही, हप्त्याने नवा न्या." दुकानदार वाईट नसतो, पण त्याचे पोट नव्या मालावर आहे. नव्याला तीस-चाळीस हजार लागतात. म्हणजे वर्षभर ओव्हरटाइम त्यातच जायचा. तेव्हा आधी दुखणे ओळखा.

लॅपटॉपमध्ये डिस्क असते. ती धान्याची कोठी समजा. सगळे साठवलेले तिच्यात राहते. दुसरी मेमरी, म्हणजे रॅम. तो स्वयंपाकाचा ओटा. चालू काम त्याच्यावर मांडलेले असते. ओटा लहान असला की दर वेळी कोठीकडे धावावे लागते. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते. पुष्कळ लॅपटॉपांत ती मिनिटाला ५४०० फेरे घेते, तरी काम हळूच होते. नव्या डिस्कला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारे काहीच नाही. ती बसवली की मिनिटे लावून सुरू होणारा लॅपटॉप पुष्कळदा अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

पोरीला 'टास्क मॅनेजर' उघडायला सांगा. डिस्कपुढे सारखे शंभर टक्के दिसले आणि ती तबकडीची असली, तर डिस्क बदला. मेमरी भरलेली दिसली, तर ४ जीबीची ८ जीबी करा. काही लॅपटॉपांत मेमरी डाख लावून पक्की बसवलेली असते. ती वाढत नाही. शिवाय २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव फार चढले. म्हणून आधी विचारा, मग खोला.

आता दुसरी बाजू. विंडोज १० च्या चोरवाटा कंपनी बुजवत असे. ते नेहमीचे काम १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नाव नोंदवणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळाली, एवढेच. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. ही पिढी २०१७ साली निघाली. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स फुकट चालते. लिहिणे, वाचणे, व्हिडिओवर शिकणे त्यावर छान होते. पण पोरीला यंत्रांची चित्रे काढायची असतील आणि तो प्रोग्रॅम विंडोजवरच चालत असेल, तर जुन्यावर पैसा घालू नका. बदला. मदरबोर्ड गेला, पडदा फुटला, तरी बदलाच. माझा हिशेब सांगतो. दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेली, की मी हात आखडता घेतो.

बॅटरी फुगली असेल, तर लॅपटॉप चार्जिंगला लावू नका. ती पेट घेऊ शकते. कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. डिस्क बदलण्याआधी फोटो आणि दाखले दुसरीकडे उतरवून ठेवा. काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडू नका, मागून घ्या. तिच्यात तुमचे आधार कार्ड आणि बँकेचे कागद असतात.