आटलेली वायुक्षेत्रे आणि समुद्रतळावरच्या वाहिन्यांचे उत्तरायुष्य



समुद्रातील वायुक्षेत्र आटले की विहिरी, प्लॅटफॉर्म आणि किनाऱ्यापर्यंत वायू आणणारी वाहिनी ही तिन्ही एकाच दिवशी निकामी झाली असे धरले जाते. परंतु विहिरीचे आयुष्य तिच्याखालच्या साठ्यावर अवलंबून असते, तर वाहिनीचे तिच्या पोलादाच्या प्रकृतीवर, आणि ही दोन आयुष्ये बरोबरच संपावीत असा निसर्गाचा नियम नाही. स्कॉटलंडच्या ईशान्येला उत्तर समुद्रात असलेल्या गोल्डनआय क्षेत्राचे उत्पादन 2004 मध्ये सुरू होऊन 2011 मध्ये थांबले. त्याला सेंट फर्गसच्या प्रक्रिया केंद्राशी जोडणारी, 20 इंच व्यासाची आणि सुमारे 100 किलोमीटर लांबीची वाहिनी जेमतेम सात वर्षे वापरात राहिली, आणि तेवढ्यातच तिचे मूळ काम संपले.

या वाहिनीतून उलट दिशेने, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्राकडे, कार्बन डायऑक्साइड नेऊन रिकाम्या झालेल्या वालुकाश्मात साठवावा, ही कल्पना तेव्हाच पुढे आली होती. लाँगॅनेट येथील कोळशावरच्या वीज केंद्राची योजना 2011 मध्ये रद्द झाली. त्यानंतर पीटरहेडच्या वायुविद्युत केंद्रासाठी आखलेली योजना, ब्रिटिश सरकारने कार्बनसाठवणुकीसाठी राखलेला 1 अब्ज पौंडांचा निधी नोव्हेंबर 2015 मध्ये मागे घेतल्यावर, बारगळली. दोन्ही वेळा अडले ते पैशाच्या आणि धोरणाच्या पातळीवर. वाहिनीने दगा दिला नव्हता. आजच्या एकॉर्न या कार्बनसाठवणूक प्रकल्पाची भिस्तही याच वाहिनीवर आहे.

याचा अर्थ जुन्या वाहिनीत वाटेल तो वायू भरता येतो असा नव्हे. कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअस आणि सुमारे 74 बार या क्रांतिक बिंदूच्या, म्हणजे ज्यापलीकडे द्रव आणि वायू हा भेद उरत नाही त्या सीमेच्या, आसपास आपले रूप झपाट्याने बदलतो. म्हणून लांब अंतरावर तो बहुधा अधिक दाबाखाली, द्रवासारख्या दाट अवस्थेत वाहून नेतात. तो कोरडा असेल तर साध्या कार्बन पोलादाला अपाय करत नाही, पण त्यात मोकळे पाणी उरले की कार्बोनिक आम्ल तयार होऊन नळी आतून खाल्ली जाते. त्याहून गंभीर प्रश्न चिरेचा आहे. नैसर्गिक वायूच्या नळीला चीर गेली की दाब चिरेच्या पुढे धावत खाली येतो आणि चीर थांबते. दाट कार्बन डायऑक्साइड मात्र दाब घटताच उकळू लागतो आणि चिरेच्या टोकाशी दाब टिकवून धरतो, त्यामुळे पुरेशी चिवट नसलेली नळी लांबवर फाटत जाऊ शकते. वाहिनीच्या दुसऱ्या टोकाचा साठाही दाब गमावून बसलेला असतो. तेथे पोहोचलेला द्रव एकाएकी पसरून अतिशीत होतो आणि विहिरीत बर्फासारखे हायड्रेट गोठण्याची भीती राहते. हायड्रोजनचा प्रश्न निराळा आहे: तो पोलाद ठिसूळ करू शकतो, आणि तेवढ्याच दाबाला तेवढ्याच आकारमानात नैसर्गिक वायूच्या सुमारे एक तृतीयांश ऊर्जा वाहतो.

या अडचणी अभियांत्रिकीच्या आहेत आणि त्यांना उत्तरे आहेत. इटलीत राव्हेना येथे 2024 पासून, वायुप्रक्रिया केंद्रात वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड जुन्याच वाहिनीतून पोर्तो कोर्सिनी मारे ओव्हेस्टच्या रिकाम्या साठ्यात सोडला जात आहे. उत्तरे नसतात ती निष्काळजीपणाला. उत्पादन थांबल्यावर वाहिनी आतून धुऊन तिच्यात नायट्रोजन किंवा गंजरोधक मिसळलेले पाणी भरले नाही, गंज रोखण्यासाठी बाहेरून लावलेले, स्वतः झिजत जाणारे अ‍ॅनोड तपासले नाहीत, आणि नळीची जाडी मोजत आतून फिरणाऱ्या पिग या यंत्राच्या नोंदी जपल्या नाहीत, तर काही वर्षांतच उत्तम पोलादाविषयीही खात्रीने काही सांगता येत नाही. ज्या वाहिनीची प्रकृती कागदावर सिद्ध करता येत नाही तिची जबाबदारी नवा मालक स्वीकारत नाही, आणि जुन्या मालकाला ती लवकर सोडून देण्यातच हित दिसते. नेमक्या या दरीत चांगल्या वाहिन्या वाया जातात.

हा विषय मराठी अभियंत्यांना परका नाही. 1974 मध्ये मुंबई हायचा शोध लागल्यापासून उरण आणि हजीरा येथे येणाऱ्या वाहिन्यांचे जाळे अरबी समुद्राच्या तळावर पसरले आहे, आणि त्यांना वायू पुरवणारी अनेक क्षेत्रे आता उतारवयात आहेत. ताप्ती क्षेत्राचे उत्पादन थांबल्यावर 2016 मध्ये तेथील प्रक्रिया-सुविधा ओएनजीसीकडे सोपवण्यात आल्या आणि दमण क्षेत्राच्या वायूसाठी त्या कामी आल्या, ही भारतीय अनुभवातील मोलाची घटना आहे. कारण तेथे हस्तांतराचा निर्णय सुविधा मोडीत निघण्यापूर्वी झाला. भारतात 1999 पासून स्थळपुनर्स्थापना निधीची योजना आहे, परंतु निधी मोडतोडीचा खर्च भागवतो. काय मोडावे आणि काय राखावे याचा विचार तो करत नाही.

तेव्हा उत्पादन संपण्याच्या किमान पाच वर्षे आधी प्रत्येक सागरी वाहिनीच्या पुनर्वापराची तपासणी सक्तीची करावी, तिच्या तपासणीच्या नोंदी सार्वजनिक ठेव्यात जमा कराव्यात, आणि हस्तांतरानंतरची जबाबदारी कोणाची हे कायद्यात लिहावे, असा ठराव या अधिवेशनाने संमत करून केंद्र सरकारकडे पाठवावा, अशी सर्व प्रतिनिधींना विनंती आहे.