खाटेवरून दिसणारी वेदी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या पूर्वजांनीं किती कष्टानें हें ख्रिस्तमंदिर उभारलें, त्याची हकीकत माझ्या आधींच्या वक्त्यांनीं आपणांस सांगितलीच आहे. मी आज एका दूरच्या प्रार्थनामंदिराची कथा सांगणार आहें. तें फ्रान्स देशांतील बोन नांवाच्या शहरीं आहे. मंदिर कोणासाठीं बांधावयाचें असतें, या प्रश्नाचें जें उत्तर त्याच्या भिंतींनीं दिलें आहे, तें आजच्या मंगल दिवशीं आपण सर्वांनीं ऐकावें अशी माझी इच्छा आहे.

बोन हें बर्गंडी या द्राक्षमळ्यांच्या प्रांतांतील शहर. पंधराव्या शतकाचा पूर्वार्ध त्या प्रांतास फार कठीण गेला. फ्रान्स व इंग्लंड यांचें दीर्घ युद्ध चालूं होतें. १४३५ सालीं आरास येथें फ्रान्सचा राजा व बर्गंडीचा ड्यूक यांच्यामध्यें तह झाला खरा. परंतु त्यामुळें बेकार झालेले शिपाई टोळ्या करून खेडींपाडीं लुटूं लागले. त्यांना लोक ‘कातडीं सोलणारे’ म्हणत. लुटीच्या पाठोपाठ उपासमार आणि महामारी आली.

अशा वेळीं ड्यूकचा प्रधान निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ या दोघांनीं ४ ऑगस्ट १४४३ रोजीं बोन येथें दरिद्री रोग्यांसाठीं एक धर्मादाय रुग्णालय स्थापण्याचा लेख करून दिला. रोलँ हा मूळचा वकील. १४२२ पासून तो ड्यूकच्या प्रधानपदावर होता, आणि त्या अधिकाराच्या काळांत त्यानें अपार संपत्ति मिळविली. ज्यानें इतक्यांना दरिद्री केलें त्यानें त्यांच्यासाठीं एक घर बांधावें हें योग्यच आहे, असा टोमणा फ्रान्सचा राजा अकरावा लुई यानें मारला, अशी दंतकथा आहे. तो राजानें मारला असो वा नसो, रोलँच्या अंतःकरणालाही ही टोचणी असावी. कारण आपल्या लेखांत तो सरळ व्यापाऱ्याच्या भाषेंत सांगतो, कीं देवानें दिलेलीं नाशवंत द्रव्यें देऊन त्यांच्या बदल्यांत स्वर्गींचीं अक्षय द्रव्यें घ्यावीं असा आपला हेतु आहे. सालँ येथील मिठागरांच्या उत्पन्नांतून दर वर्षीं एक हजार लिव्र त्यानें या कार्यास लावून दिले, आणि पुढें कोणा सरदाराचा हात त्यावर पडूं नये म्हणून ही संस्था साक्षात् परमगुरूंच्या छत्राखालीं ठेविली.

इमारत उभी राहण्यास आठ वर्षें लागलीं. १ जानेवारी १४५२ रोजीं पहिला रोगी आंत घेण्यांत आला. आतां त्या मुख्य दालनाची रचना नीट ध्यानांत आणा. हें दालन सुमारें ५० मीटर लांब, १४ मीटर रुंद व १६ मीटर उंच आहे. वरचें लांकडी छत उपड्या घातलेल्या गलबतासारखें दिसतें. दोन्हीं बाजूंच्या भिंतींशीं रोग्यांच्या खाटांची एकेक रांग आणि दालनाच्या शेवटीं, त्याच छपराखालीं, प्रार्थनामंदिर. मध्यें भिंत नाहीं. केवळ एक जाळीदार लांकडी पडदा आहे. म्हणजे याजक वेदीपाशीं मिस्साबलि अर्पण करीत असतां, ज्याला उठून बसण्याचेंही त्राण नाहीं असा मनुष्य आपल्या खाटेवरून त्यांत भाग घेऊं शकत असे. ही रचना रोलँनें नव्यानें शोधून काढली असें नव्हे. बर्गंडीच्याच तोनेर गांवीं मार्गरेट राणीनें १२९३ सालीं स्थापिलेल्या रुग्णालयांत असेंच दालन आणि असेंच प्रार्थनामंदिर होतें. त्या काळच्या ख्रिस्ती लोकांना मंदिर एकीकडे आणि रुग्णालय दुसरीकडे, ही कल्पनाच परकी वाटली असती.

या वेदीवर ठेवण्यासाठीं रोलँनें रोहीर व्हान डर वायडन या थोर चित्रकाराकडून अंतिम न्यायाचें एक प्रचंड चित्र करवून घेतलें. त्याला दारांसारख्या फळ्या आहेत. एरव्हीं त्या मिटलेल्या असत. तेव्हां रोग्यांना दिसे तें असें: वरती देवदूताचा मरियेस निरोप, खालीं संत सेबास्तियन व संत अंतोनी, ज्यांचा धांवा महामारींत आणि अंगाचा दाह होणाऱ्या रोगांत लोक करीत, आणि दोहों अंगांस गुडघे टेकलेले रोलँ व गिगोन. रविवारीं व सणाच्या दिवशीं फळ्या उघडल्या जात, आणि न्यायासनावर बसलेला ख्रिस्त, हातीं तराजू घेतलेला संत मिखाएल आणि थडग्यांतून उठणारे नग्न मनुष्यजीव प्रकट होत. त्या चित्रांत एकही सैतान नाहीं. दुर्जनांना कोणी ओढीत नाहीं. त्यांचीं पापेंच त्यांना खालीं नेतात.

कोणी विचारील, मरणाच्या दारीं पडलेल्या गरिबांपुढें न्यायाचें असें चित्र मांडणें हें निर्दयपणाचें नव्हे काय? मलाही पूर्वीं तसें वाटे. परंतु ख्रिस्ताच्या दोहों बाजूंस जीं वचनें रंगविलीं आहेत तीं मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतील आहेत. त्या अध्यायांत न्यायाधीश काय विचारतो, हें आपण जाणतां. भुकेल्यास अन्न दिलें काय, उघड्यास वस्त्र दिलें काय, रोग्याचा समाचार घेतला काय? तेव्हां त्या दालनांत परीक्षा कोणाची होती? खाटेवर निजलेल्याची नव्हे. तो तर त्या परीक्षेंतला प्रश्नच होता! परीक्षा होती खाटेशेजारीं उभे राहणाऱ्यांची: सेवा करणाऱ्या भगिनींची, दान देणाऱ्यांची, आणि सर्वांआधीं त्या श्रीमंत प्रधानाची.

गिगोननें ही परीक्षा मनावर घेतली असें दिसतें. १४६२ सालीं रोलँ वारला. त्याला ओतँ या त्याच्या जन्मगांवीं पुरलें. गिगोन मात्र रुग्णालयाच्या सेवेंत राहिली. १४७० सालीं ती वारली, तेव्हां तिचा देह याच प्रार्थनामंदिरांत, रोग्यांच्या दृष्टीसमोर, ठेवण्यांत आला. तेथील फरशांवर त्या दोघांचीं आद्याक्षरें गुंफलेलीं असून शेजारीं ‘एकमेव’ हा शब्द आणि एक तारका आहे. ‘तूंच माझी एकमेव तारका’ असें तें पतीनें पत्नीस दिलेलें वचन होय, असा त्याचा अर्थ लावतात.

पुढें राज्यक्रांतीचें वादळ आलें आणि गेलें. एकोणिसाव्या शतकांत दालनाचा व मंदिराचा जीर्णोद्धार झाला. चित्राच्या दोन्हीं बाजू एकदम दिसाव्या म्हणून त्याच्या फळ्या उभ्या चिरून वेगळ्या केल्या. आज तें वेगळ्या खोलींत ठेविलेलें आहे. १९७१ सालीं रोग्यांना नव्या इमारतींत हलविलें आणि जुनी वास्तु प्रेक्षकांसाठीं राहिली. तथापि दानाचा ओघ आटला नाहीं. १४५७ पासून भाविकांनीं रुग्णालयास द्राक्षमळे दिले. त्यांच्या द्राक्षारसाचा जाहीर लिलाव १८५९ पासून होत आला आहे, आणि आजही नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं होणाऱ्या त्या लिलावाचें उत्पन्न रुग्णसेवेकडे जातें.

बंधुभगिनींनो, आपली वेदी सुंदर आहे. पण आपल्या धर्मग्रामांतील किती खाटांवरून ती दिसते? अर्धांगानें पडलेला बाप, दृष्टि गेलेली आजी, दीर्घ दुखण्यानें खंगलेली तरुण मुलगी, हीं सर्व याच मंदिराचीं माणसें आहेत. परंतु त्यांच्या आणि आपल्यामध्यें जाळीचा पडदा नव्हे, पक्की भिंत उभी आहे. ती भिंत आपल्याला पाडतां येणार नाहीं. वेदीवरील प्रभूला मात्र त्यांच्या खाटेपर्यंत नेतां येईल.

म्हणून ज्युबिलीची स्मृति म्हणून मी आपणांपाशीं एकच मागणें मागतों. प्रत्येक आळीनें आपल्या अंथरुणास खिळलेल्या माणसांची यादी या महिन्याच्या आंत माझ्या हातीं द्यावी. मी दर आठवड्यास पवित्र साक्रामेंत घेऊन त्यांच्याकडे जाईन. माझ्याबरोबर प्रत्येक आळींतून दोघांनीं मेणबत्ती घेऊन यावें आणि मी परतल्यावरही थोडा वेळ त्या घरीं बसावें. एवढें झालें, तर आपल्या वेदीसमोर शेवटच्या खाटेवरचें माणूसही उपस्थित आहे असें आपणांस म्हणतां येईल.

दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस, आणि विशेषेंकरून जे आज या सभेस येऊं शकले नाहींत त्यांस, आपला आशीर्वाद देवो. आमेन.