कर्ज नसणे हेही सुखच



मी गिरणीकामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं वाचून शिकलो. १९८२ च्या संपात वडिलांचा पगार थांबला, आईचे मणी गहाण पडले. ते पाहूनही मी शहाणा झालो नाही. बहिणीच्या लग्नात बँड-मंडपासाठी दहा हजार उचलले, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. महिन्याला पाचशे. वीस महिन्यांत दहा हजार व्याजच भरलं, मुद्दल जागच्या जागी! स्टेजवर स्वाभिमानावर बोलायचो अन् सावकार दिसला की गल्ली बदलायचो.

पुढे अंगुत्तर निकाय वाचनात आला. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यातले एक अनणसुख, म्हणजे कुणाचे देणे नसण्याचे सुख. मग वही घातली. पगाराच्या दिवशी आधी हप्ता, मग रेशन. तंबाखू सोडली. बायकोने भिशी लावली, ती उचलून मुद्दल फेडलं. त्या दिवशी सावकाराच्या दारावरून ताठ मानेने गेलो.

बांधवांनो, लग्न विहारात साधेपणाने लावा. जयंतीची वर्गणी जरूर द्या, पण उसनी काढून नको. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचा चौथा हिस्सा अडचणीसाठी राखायला सांगितलाय. चौथा जमत नसेल तर दहावा राखा, पण आजच सुरुवात करा.

जयभीम! नमो बुद्धाय!