नवे यंत्र आणि जुना कारकून



वसंतातील या संध्याकाळी इतिहास, धर्म आणि वाङ्मय यांवरील विचार ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय रुक्ष. कचेरीत नवे सॉफ्टवेअर आले, तर ते तेथल्या माणसांच्या अंगवळणी कसे पडावे, एवढाच तो आहे. आमचा उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. तेव्हा दाखलेही बहुतेक तेथलेच देऊ.

प्रथम एक आक्षेप घेऊ. नोकरवर्ग स्वभावतःच आळशी, म्हणून तो नव्याला विरोध करतो, असे पुष्कळ शहाणी माणसे म्हणतात. इतिहास असे सांगत नाही. 1960 नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचे ठरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी मोठा विरोध केला. त्यामागे आळस नव्हता, पोटाची धास्ती होती. सरकारलाही तिची दखल घ्यावी लागली. स्वयंचलनाच्या प्रश्नावर आपल्या पुण्याच्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिचा अहवाल 1972 साली आला. बँकांत 1983 साली यांत्रिकीकरणाबद्दल संघटनांशी करार झाला. पुढल्याच वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने आपला अहवाल दिला. 1993 साली पुन्हा करार झाला. यंत्र दारात येण्यापूर्वी बोलणी झाली, म्हणूनच ते घरात आले. तरी ती धास्ती अगदीच निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. 2000-01 च्या सुमारास सार्वजनिक क्षेत्रातील बँकांतून सुमारे एक लाख माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. त्यांत आमचे एक सहकारी होते. त्यांची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. तालुक्याच्या गावची शाखा. अण्णा तेथले हेडकारकून. जून आणि डिसेंबर आला की बचत खात्यांचे सहामाही व्याज काढावयाचे, मग लेजरांचा ताळा जमवावयाचा. रात्रीचे दहा वाजत, चार पैशांचा फरक काही केल्या सापडत नसे. अण्णा येत, रकान्यावरून बोट फिरवीत आणि नेमक्या आकड्यावर थांबत. त्या बोटाचा शाखेत दरारा होता.

मग संगणक आला. बाहेरची मुले येऊन दोन-तीन रविवारांत सारी लेजरे आत भरून गेली. सोमवारी अण्णांना यंत्रापुढे बसविले. काल ज्यांना ते बेरीज शिकवीत होते, ती पोरे आज त्यांना कळ कोणती दाबावी हे सांगू लागली, आणि तेही गिऱ्हाइकांदेखत. अण्णांनी भांडण केले नाही. ते नुसते गप्प झाले.

महिन्याभरात एक घोटाळा उघडकीस आला. एकाच नावाचे दोन खातेदार होते. एकाच्या उसाचे बिल दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले, त्याने ते काढूनही घेतले, आणि खऱ्या धन्याच्या पीककर्जाची मुदत टळली. जुन्या लेजरात पानाच्या माथ्यावर अण्णांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते : एकावर ‘विहिरीवाले’, दुसऱ्यावर ‘गिरणीवाले’. शाईतले सारे यंत्रात गेले होते. पेन्सिलीतले तेवढे बाहेर राहिले होते.

आम्ही विचारले, “अण्णा, तुम्हांला हे ठाऊक होते, मग बोलला का नाहीत?”

ते म्हणाले, “मला विचारले कोणी?”

थोड्याच महिन्यांत त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. श्रोतेहो, हा प्रश्न यंत्राला नव्हता, आम्हांला होता. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आम्ही बसत होतो आणि आम्हीही विचारले नव्हते.

माणूस यंत्राला भितो, त्याहून अधिक चारचौघांत अडाणी ठरण्याला भितो. हे उमजल्यावर आम्ही पुढल्या शाखांत रीत बदलली. माहिती भरण्याआधी तेथल्या सर्वांत जुन्या माणसाला घेऊन बसावयाचे आणि त्याच्याकडून लेजराचे पान न् पान वाचून घ्यावयाचे. शिकवणी काउंटर बंद झाल्यावर. आणि शिकविणारा शक्यतो बरोबरीच्या वयाचा, त्याच कामातला. पहिले काही आठवडे चूक झाली तर ती दुरुस्त करावयाची, मेमो द्यावयाचा नाही. आणि जुने व नवे काम काही दिवस बरोबरीने चालवून दोन्हींचा ताळा जमला, की मग मात्र जुने पुस्तक ठामपणे मिटावयाचे. दोन्ही कायमची चालू ठेवली, तर माणसाच्या माथी दुप्पट ओझे येते, आणि त्याचा राग तो यंत्रावर काढतो.

हे सारे बँकेपुरतेच आहे असे नव्हे. 2021 साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट होते आणि पोषणाच्या नोंदी इंग्रजीत भरावयाच्या होत्या. बाळाचे वजन मराठीत सांगणाऱ्या बाईने ते इंग्रजीत का लिहावे? तिचा नकार हा अडाणीपणा नव्हता. तो त्या हत्याराचा दोष दाखविणारा शेरा होता.

आता नोकरवर्गालाही दोन शब्द. आपण आपल्या सोयीसाठी नसतो, गिऱ्हाइकासाठी असतो. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीप्रमाणे व्याज मिळू लागले. तोवर दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची कमीत कमी शिल्लक धरली जाई. मध्ये चार दिवस पैसे काढले की गरिबाचे महिन्याचे व्याज बुडे. रोजचा हिशेब हजारो खात्यांवर हाताने करणे अण्णांच्या बोटालाही साधले नसते. तो लाभ यंत्राने दिला. तेव्हा शिकण्यास नकार देण्याचा अधिकार आम्हांलाही नाही.

परंतु शिकविणाऱ्याने आधी विचारावे. आज पुन्हा नवी यंत्रे येत आहेत. ती पत्रे लिहितात, अर्ज वाचतात, उत्तरेही देतात. आपल्या कचेरीत ती येतील त्या दिवशी कोपऱ्यातल्या जुन्या माणसाजवळ खुर्ची ओढून बसा आणि त्याने पेन्सिलीने काय लिहून ठेवले आहे, ते विचारा. आम्ही ते वेळेवर विचारले नाही. आपण विचारावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.