शेजारणींची चूल

आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. माइकपुढे एकच जण बसली आहे, पण बोलणं अकराही जणींचं आहे. काय सांगायचं, ते मागच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं.

8 डिसेंबर 2023 हा दिवस आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावचे लिलाव थांबले, चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर उतरले. त्या आठवड्यातल्या आमच्या बैठकीत हप्ते कमी जमले आणि डोळ्यांना पदर जास्त लागले. तेवढ्यात आमच्यातल्या थोरल्या आजींनी विचारलं, "अगं, पण आपला कांदा ज्या घरांत जायचा, तिथल्या बाया आता काय करत असतील?"

कुणाला उत्तर देता येईना. शाळेतल्या बाईंनी मोबाइलवर बातमी शोधून वाचून दाखवली. बांगलादेशात, ढाक्याच्या बाजारात, एक-दोन दिवसांतच कांदा किलोला दोनशे टकांच्या वर गेला होता. टका म्हणजे त्यांचा रुपया. इकडं त्याच कांद्याचा भाव पडला होता. म्हणजे पिकवणारीही रडत होती आणि विकत घेणारीही. तेव्हापासून दर बैठकीत थोडा वेळ शेजारच्या देशांतल्या बातम्या वाचायची सवय लागली. महागाई आली की तिथली माणसं काय करतात, हे त्यातून कळत गेलं. त्यातलं थोडं आज सांगतो.

बांगलादेशात ही वेळ पहिल्यांदा आली नव्हती. 2019 मध्येही भारतानं निर्यात थांबवली, तेव्हा तिथं कांद्यानं दोनशे टका ओलांडले होते. सरकारी ट्रक चौकाचौकात उभे राहून 45 टका किलोनं कांदा विकत होते आणि एका किलोसाठी माणसं तासन्‌तास रांगेत थांबत होती. पुढं 2022 मध्ये सरकारनं एक कोटी कुटुंबांना स्वस्त तेल, डाळ, साखर मिळण्यासाठी कार्डं द्यायला घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिझेल लिटरला 80 टकांवरून एकदम 114 टका झालं. डिझेल वाढलं की भाजीपासून एसटीपर्यंत सगळं वाढतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग ट्रकपुढच्या रांगेत बऱ्या घरातल्या बायकाही दिसू लागल्या. ओळखीच्या कुणी पाहू नये म्हणून त्या तोंड झाकून उभ्या राहत. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक हळूच म्हणाली, "भूक लागली तरी आधी लाजच वाटते बाईला."

श्रीलंकेचं दुखणं मोठं होतं. परदेशातून माल आणायला देशाकडं डॉलरच उरले नव्हते. त्यात 2021 मध्ये सरकारनं रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि भाताचं पीक घटलं. 2022 च्या मार्चपर्यंत गॅस मिळेना, दूध पावडर मिळेना, दिवसाचे कित्येक तास वीज नाही. परीक्षेच्या पेपरांना कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढं ढकलाव्या लागल्या. लोक रिकाम्या सिलिंडरला साखळी बांधून रांगेत नंबर लावून ठेवत. पेट्रोलच्या रांगेत उभे असताना काही म्हाताऱ्या माणसांनी जीव सोडला.

सुरुवातीला लोकांनी काय केलं? संध्याकाळी आपापल्या गल्लीच्या तोंडाशी मेणबत्त्या घेऊन गप उभे राहिले. मग गर्दी वाढत गेली. 9 एप्रिलपासून कोलंबोच्या समुद्रकाठी, गॉल फेसच्या मैदानावर, तंबू पडले. तिथं फुकट जेवण होतं, दवाखाना होता, वाचनालयही होतं. त्या वस्तीच्या नावात 'गम' हा शब्द होता, आणि सिंहली भाषेत गम म्हणजे गाव. तीन महिन्यांनी, 9 जुलैला, लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले. राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

इथवर ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, थांबा, पुढचं ऐका. राष्ट्राध्यक्ष गेले, पण सप्टेंबरमध्ये तिथली महागाई सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचली, अन्नधान्याची तर त्याहून जास्त. दर दहा कुटुंबांपैकी तीन कुटुंबांना पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नव्हती. माणूस बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी डाळ स्वस्त होत नाही. त्या दिवसांत वस्त्यांमध्ये सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू झाली, लोकांनी अंगणात भाज्या लावल्या, गॅस सोडून सरपणावर आले. मोर्चा निघाला तरी रात्रीच्या जेवणाची सोय घरात आणि गल्लीतच बघावी लागली.

पाकिस्तानात 2023 च्या मे महिन्यात महागाई 38 टक्क्यांवर गेली होती. त्याआधी रमजानमध्ये, कराचीतल्या एका कारखान्यात दानधर्म चालू असताना चेंगराचेंगरी झाली. त्यात अकराहून जास्त जीव गेले, बायका आणि लेकरंच जास्त. ऑगस्टमध्ये विजेची बिलं आली, ती लोकांनी रस्त्यावर जाळली. पाकव्याप्त काश्मीरमध्ये तर लोकांनी कित्येक महिने बिल भरलंच नाही. त्यांच्या मागण्या ठरलेल्या होत्या: पिठाचा भाव आणि विजेचा दर. 2024 च्या मे महिन्यात मोठा मोर्चा निघाला. त्यात दंगा झाला, माणसंही दगावली. पण शेवटी चाळीस किलो पीठ 3100 वरून 2000 पाकिस्तानी रुपयांवर आलं आणि पहिल्या शंभर युनिटांना तीन रुपये युनिट असा दर झाला.

हे सगळं ऐकून आम्हाला दोन गोष्टी कळल्या. नुसतं "महागाई झाली हो" म्हणून कुणी हलत नाही. कशाचा भाव, किती, कधीपासून, हे बोटावर मोजून सांगितलं तर निदान उत्तर तरी द्यावं लागतं. आणि दुसरं म्हणजे, देश कुठलाही असो, महागाई आली की सगळ्यात आधी कापली जाते ती बाईची ताटली. रांग, मोर्चा हे पुढचं झालं. त्याआधी कित्येक महिने ती एकटीच पोटाला चिमटा घेत असते.

हे आम्हाला लांब जाऊन शिकायची गरजच नव्हती. निर्यातबंदीच्या त्या हिवाळ्यानंतर गावात तपासणी शिबिर झालं. आमच्यातल्या एकीच्या अंगात रक्त फारच कमी निघालं. खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं, दोन महिने ती रात्री जेवतच नव्हती. पोरांना "माझं झालं" म्हणायची. दर आठवड्याला ती आमच्याच सतरंजीवर बसत होती. आम्ही ढाक्यातल्या बायांची चौकशी करत होतो आणि मांडीला मांडी लावून बसलेलीला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही गटाच्या वहीत एक पान वेगळं काढलं. त्यावर दर महिन्याला तेल, तूरडाळ, गहू, गूळ, चहा, गॅस आणि एसटीचं भाडं, यांचे भाव लिहितो. खाली एकच प्रश्न असतो, "या महिन्यात घरात काय कमी केलं?" नाव लिहायचं नाही, पण उत्तर प्रत्येकीनं द्यायचं. अन्नासाठी काढलेल्या कर्जाला तीन महिने व्याज नाही, हेही ठरवलं. सहा महिन्यांचं ते पान घेऊन आम्ही ग्रामसभेत गेलो आणि रेशन दुकानात धान्य आल्याची तारीख आणि भाव बाहेर फळ्यावर लिहा, एवढंच मागितलं. आता फळा लागला आहे. तेवढ्यानं महागाई हटली नाही. पण आता हेलपाटे वाचतात, आणि कुणाला लपून उपाशी राहावं लागत नाही.

तुमच्याही गटाच्या वहीत एक पान कोरं असेल. पुढच्या बैठकीत ते उघडा, आणि शेजारी बसलेलीला आधी विचारा, "काल रात्री जेवलीस का गं?"